वाचक विचारतात : स्पर्धेतून फोटो आणि निबंध बाद होतात ते नेमके कुठे?

आपल्या कोल्हापुरात स्पर्धांचा हंगाम २६ जूनला, शाहू जयंतीला लागतो आणि ६ जानेवारीच्या पत्रकार दिनापर्यंत चालतो. मधे १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन, दिवाळी, आणि गुऱ्हाळं पेटली की कॅमेरेवाल्यांची तिकडे रीघ. ‘परीक्षकांना आमचं आवडलं नाही’ अशी बऱ्याच पत्रांतली तक्रार आहे. पत्रं नीट वाचली तर दिसतं, की यातल्या कित्येक प्रवेशिका परीक्षकांच्या समोर गेल्याच नाहीत, छाननीतच गळाल्या. म्हणून या वेळची उत्तरं छाननीच्या टेबलाकडून.

प्रश्न : गुऱ्हाळाचा फोटो मोबाइलवर काढला आणि मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅपटॉपवर घेतला. स्पर्धेला १२ बाय १८ इंचांची प्रिंट हवी आहे, नियमात ‘३०० डीपीआय’ (इंचाला ३०० ठिपके) लिहिलंय. लॅबवाले म्हणतात, फोटो फुटणार. मोबाइल तर १२ मेगापिक्सेलचा आहे, मग फुटतो कसा? (बी.ए.चा विद्यार्थी, कागल)

उत्तर : मोबाइलचा दोष नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या फेऱ्याचा आहे. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. साध्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की लांब बाजू साधारण १६०० वर येते. ते १६०० ठिपके १८ इंचांत पसरले, की इंचाला जेमतेम ८९ पडतात. लॅबवाल्यांचं बरोबर आहे, हा फुटणारच.

मूळ फाइल घ्या. मात्र तिचं प्रमाण ४:३ आहे आणि १२ बाय १८ चं ३:२, म्हणजे उंचीतून ३३३ ठिपके, नववा हिस्सा, कापावा लागेल. तो कुठून कापायचा हे लॅबवर सोपवू नका. मशीन वरून-खालून सारखंच कापतं आणि नेमकी कुणाच्या तरी डोक्याची टोपी जाते. घरीच कापून ४००० बाय २६६७ ची फाइल द्या. १८ इंचांना इंचामागे २२२ ठिपके मिळतात. हातभर अंतरावरून बघायच्या प्रिंटला २०० च्या पुढे असले की काम भागतं.

आता त्या ‘३०० डीपीआय’बद्दल. हा आकडा फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. सॉफ्टवेअरमध्ये जाऊन १६०० ठिपक्यांच्या फाइलवर ३०० लिहिलंत, तरी ठिपके १६०० च राहतात. फक्त ‘मला सव्वापाच इंचांवर छापा’ एवढाच त्याचा अर्थ होतो. नियमात डीपीआय असो वा नसो, तुम्ही लांब बाजूचे पिक्सेल मोजा.

आणि दोन बोटांनी झूम करून काढला असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. दुप्पट डिजिटल झूममध्ये सेन्सरच्या चौथ्या भागाचीच माहिती उरते, बाकीची मोबाइल स्वतः भरून काढतो. चार पावलं पुढं जाणं स्वस्त पडतं.

फाइल द्यायची ती केबलनं किंवा ड्राइव्हवरून. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून तारीख, वेळ, कॅमेरा ही एक्झिफमधली (फोटोच्या फाइलमध्ये आपोआप साठणारी) नोंदही पुसली जाते. निवड झाल्यावर आयोजक मूळ फाइल मागतात तेव्हा तीच तुमची साक्ष असते. निकाल लागेपर्यंत मोबाइलमधला मूळ फोटो डिलीट करू नका.

प्रश्न : पहाटे गुऱ्हाळात गेलो की सगळे फोटो धुरकट येतात. फ्लॅश मारला तर पांढरी भिंतच दिसते. (हौशी छायाचित्रकार, पन्हाळा तालुका)

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. धुरकटपणा लेन्सवर बसलेल्या दवाचा. थंडीतनं आलेली गार काच आणि काहिलीची (रस आटवायच्या मोठ्या कढईची) वाफ एकत्र आली की काचेवर पाणी धरतं. पुसलं की पुन्हा धरतं, कारण काच अजून गारच असते. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून आत एका कोपऱ्यात पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, चुलवणापासून लांब. तोवर चहा घ्या आणि उजेड कुठून येतो ते बघा.

फ्लॅश बंद. समोरून मारलेला उजेड आधी वाफेवर आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. वाफ दिसायची असेल तर तिच्या मागून किंवा बाजूनं उजेड हवा आणि पाठीमागे काळोखी भिंत. दार किंवा झरोका तुमच्या समोर, जरा तिरका येईल असं उभं राहा. आयएसओ १६०० ते ३२००, ढवळणारा हात असेल तर शटर १/१२५, पाक ओतताना १/२५०. आत अंधार जास्त असल्यामुळे मीटर फसतो आणि जाळ पांढरा करून टाकतो. एक स्टॉप कमी घ्या, म्हणजे उजेड निम्मा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर जाळाचा तांबूसपणा कॅमेरा ‘दुरुस्त’ करतो. डेलाइटवर ठेवा. ट्यूबलाइट चालू असेल तर मालकाला विचारून पाच मिनिटं बंद करून घ्या, नाहीतर अर्धा चेहरा हिरवट.

पाक उतरवायच्या वेळी तो ११६ ते १२० अंश सेल्सिअसला असतो, उकळत्या पाण्यापेक्षा गरम आणि वर चिकट. काहील उतरवून हौदात ओततात त्या बाजूला उभं राहू नका. फोटो कितीही छान मिळत असला तरी नाही.

एक आगाऊ सल्ला. वाफेत उभी असलेली माणसं आणि काहील हे चित्र प्रत्येक स्पर्धेत ढिगानं येतं. गुळव्या गरम पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळते का ते बघतो, तो क्षण क्वचितच कुणी पाठवतं. भांडं, पाणी, दोन बोटं आणि त्याची नजर. पाक झाला की नाही हे तिथंच ठरतं, आणि सगळं मिळून हातभर जागेत आहे.

प्रश्न : दैनिकात छापून आलेला माझाच फोटो स्पर्धेला पाठवला. ‘कॉपीराइट वृत्तपत्राचा आहे’ म्हणून सहकाऱ्यांनी घाबरवलं. मी पगारी नोकर आहे. (वृत्तछायाचित्रकार, कोल्हापूर)

उत्तर : कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, खंड (अ). वृत्तपत्र किंवा नियतकालिकाच्या नोकरीत, छापण्यासाठी म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क मालकाचा, पण तो वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी बाबतीत पहिला हक्क काढणाऱ्याचा. अट एकच : नेमणूकपत्रात किंवा करारात वेगळं काही लिहिलेलं नसावं. बऱ्याच करारांत ते लिहिलेलं असतं, तेव्हा आधी कपाटातला कागद काढा. करार गप्प असेल तरी संपादकांचं दोन ओळींचं ना-हरकत पत्र जोडा. कायद्यापेक्षा ते छाननीत लवकर चालतं.

लग्नाचे, बारशाचे फोटो पाठवणाऱ्यांसाठी खंड (ब) आहे. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. नवरीचा सुंदर फोटो तिच्या घरच्यांना न विचारता स्पर्धेत टाकला की मग फोन येतात.

राज्य शासनाच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांसाठी पाठवणार असाल (कोल्हापूर विभागासाठी ग. गो. जाधव यांच्या नावाचा पुरस्कार आहे, वृत्तछायाचित्रकारांसाठी तोलाराम कुकरेजा यांच्या नावाचा) तर कात्रणावर दैनिकाचं नाव आणि तारीख दिसलीच पाहिजे. नुसता फोटो कापून कोऱ्या कागदावर डकवला की पुरावा गेला. अख्खं पान ठेवा. वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं धरतात, तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्रीचा फोटो १ जानेवारीच्या अंकात आला तर तो पुढच्या वर्षाचा. प्रतींची संख्या आणि त्या वर्षाची अट जिल्हा माहिती कार्यालयात विचारा.

प्रश्न : मी पत्रकारितेचा अभ्यासक्रम करते आणि एका साप्ताहिकाला बातम्याही देते. विद्यार्थी गटात भरू की पत्रकार गटात? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : नियमात व्याख्या असेल तर तीच. नसेल तर आयोजकांना ई-मेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दोन्हीकडे भरू नका, दोन्हीकडून बाद व्हाल. विद्यार्थी गटाला बोनाफाइड लागतं आणि ते चालू वर्षाचं. पत्रकार गटाला संपादकांचं पत्र बहुतेक ठिकाणी चालतं. अधिस्वीकृती पत्रिकाच (शासनाचं पत्रकार ओळखपत्र) हवी असा आग्रह क्वचित असतो.

प्रश्न : मुलाला ऑनलाइन छायाचित्र स्पर्धेचा मेसेज आला. प्रवेश फी ४९९ रुपये, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ‘राष्ट्रीय’ प्रमाणपत्र. भरावी का? (पालक, इचलकरंजी)

उत्तर : फी आहे म्हणून खोटी, असं नाही. सलोन पद्धतीच्या (निवडक फोटोंचं प्रदर्शन भरवणाऱ्या) स्पर्धांना फी असतेच. कॅटलॉग, पदकं यांचा खर्च त्यातून निघतो. उलट अॅमस्टरडॅमची १९५५ पासून चालणारी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा व्यावसायिकांसाठी असूनही विनाशुल्क आहे. फीवरून काही कळत नाही.

बघायचं ते असं. परीक्षकांची नावं आहेत का? मागच्या वर्षीचे विजेते आणि त्यांचे फोटो कुठं दिसतात का? पत्ता आहे, की फक्त क्यूआर कोड? सगळ्यांना प्रमाणपत्र आणि परीक्षक कुणीच नाहीत, तर तुम्ही ४९९ रुपयांना एक रंगीत कागद विकत घेताय. तोच कागद शाहूपुरीत दहा रुपयांत छापून मिळेल. आणि निकालानंतर ‘बक्षिसाच्या कुरिअरसाठी’ पैसे मागितले की तिथंच थांबा.

यापेक्षा महाग पडू शकतं ते हक्काचं कलम. ‘आयोजकांना छायाचित्र वापरण्याचा अधिकार राहील’ एवढंच लिहिलं असेल तर फार घाबरायला नको. हक्क किंवा परवाना देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण ‘कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात, विनामोबदला’ हे शब्द दिसले, आणि तेही सगळ्या प्रवेशिकांसाठी, तर स्पर्धेच्या नावाखाली कुणीतरी फुकट फोटोंचं गोदाम भरतंय. फक्त विजेत्यांचे फोटो, फक्त स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, नावासह, हे कलम रास्त.

विकिपीडियासाठी स्मारकांचे फोटो जमवणाऱ्या विकी लव्हज मॉन्युमेंट्ससारख्या स्पर्धेत फोटो मुक्त परवान्यावरच जातो. उद्या कुणी तो कॅलेंडरवर छापून विकला तरी, नाव आणि परवान्याचा उल्लेख केला असेल तर तुम्हाला हरकत घेता येत नाही, आणि दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. तिथं हे आधीच उघड सांगितलेलं असतं. खिद्रापूर-पन्हाळ्याचा फोटो ज्ञानकोशात लागावा असं वाटत असेल तर खुशाल द्या. विकायचा असेल तर देऊ नका.

प्रश्न : पन्हाळ्याच्या फोटोतली विजेची तार मोबाइलनं पुसली. एवढ्यावरून बाद करतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वारणानगर)

उत्तर : वृत्त किंवा डॉक्युमेंटरी गटात असेल तर हो. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटोमध्ये एका चित्रमालिकेला मिळालेलं बक्षीस काढून घेतलं गेलं. तिच्यातल्या एका चित्रात हाताला पट्टी बांधतानाचा क्षण होता. छायाचित्रकारानं मूळ चौकट भरपूर कापली होती, कृष्णधवल केली होती, कडा काळ्या केल्या होत्या. त्यावरून काही झालं नाही. मागे दिसणाऱ्या एका पावलाचा छोटासा तुकडा पुसला होता, त्यावरून बक्षीस गेलं. रेघ कुठं आहे ते यातून नेमकं कळतं : उजेड-अंधार, रंग, कापणं चालतं, चौकटीत जे होतं ते काढणं आणि नव्हतं ते घालणं चालत नाही.

त्याच्याही आधीची फसवणूक कॅमेऱ्यासमोरची. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत २००९ चा विजेता लांडगा कुंपणावरून झेप घेताना टिपलेला होता. तो पाळीव, शिकवलेला प्राणी असल्याची परीक्षकांची खात्री झाली आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस रद्द झालं. तालमीतल्या पैलवानाला ‘पुन्हा एकदा माती उधळ’ म्हणणारे यातच मोडतात. पोर्ट्रेट गटात चालेल, वृत्त गटात नाही.

तुमचं तार पुसणं ‘निसर्गचित्र’ किंवा ‘सर्जनशील’ गटात कदाचित खपेल; नियमात ‘डिजिटल बदल’ हा शब्द शोधा. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या सर्जनशील गटात एआयनं बनवलेल्या चित्राला बक्षीस मिळालं आणि ते पाठवणाऱ्यानंच ते नाकारलं. त्यानंतर एआयवर उघड बंदीचं कलम पुष्कळ ठिकाणी आलंय. नव्या मोबाइलमध्ये आकाश बदलणं, माणूस गायब करणं ही बटणं ‘एडिट’मध्येच शेजारी-शेजारी बसलेली असतात. ब्राइटनेस वाढवायला गेलेलं बोट तिकडं जाऊ देऊ नका.

प्रश्न : शाळेतून ‘राजर्षी शाहू आणि आजचं शिक्षण’ या विषयावर हजार शब्दांचे चाळीस निबंध पाठवले. एकही निवडला गेला नाही. कळवलेलं कारण : ‘शब्दमर्यादा, सारखेपणा’. (शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : आधी शब्द. ‘कोल्हापूरच्या’ हा एक शब्द, ‘कोल्हापूर मधील’ असं तोडून लिहिलं की दोन. मोजणी जागा बघून होते, व्याकरण बघून नाही, म्हणून तोडून लिहिणाऱ्यांचा निबंध उगाच फुगतो. हातानं लिहायचा असेल तर एका ओळीत आठ ते दहा शब्द, पानाला बावीस-चोवीस ओळी धरा, म्हणजे साधारण दोनशे शब्द. हजार शब्दांना पाच पानं. सहावं पान सुरू झालं की मुलांना थांबवा. मर्यादा ओलांडली तर काही ठिकाणी पुढचं वाचत नाहीत, काही ठिकाणी गुण कापतात. दोन्हीत शेवटचा परिच्छेद जातो, आणि मुलांनी नेमका तोच जीव लावून लिहिलेला असतो.

टाइप करून पाठवत असाल तर युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. पीडीएफ करून, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा. मुलाचं नाव आणि शाळा वेगळ्या कागदावर. निबंधाच्या पानावर शाळेचा शिक्का दिसला तर ओळख उघड झाली म्हणून बाद करतात.

आता सारखेपणा. चाळीसपैकी बहुतेकांची सुरुवात ‘राजर्षी शाहू महाराज हे थोर समाजसुधारक होते. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला’ अशीच असणार. चूक काहीच नाही. पण परीक्षकानं ती ओळ त्या दिवशी साठ वेळा वाचलेली असते. शिवाय विषयात ‘आणि आजचं शिक्षण’ असंही आहे. आठशे शब्द चरित्रात जातात आणि उरलेल्या दोनशेत ‘आज मोबाइलमुळे मुले बिघडली आहेत’ येतं.

उलटं करून बघा. एकच गोष्ट उचलायची. १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. नुसत्या या एका रुपयावर निबंध उभा राहतो. नुसता उपदेश करून न सोडता दंड का ठेवला असेल? तेव्हा मूल शाळेत गेलं की घरचं कोणतं काम अडायचं? आणि आज ऊसतोडीच्या हंगामात तुमच्या गावाच्या शिवारात पडलेल्या कोप्यांवर (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर) कोणती मुलं दिसतात, ती कुठल्या शाळेत आहेत? शेवटच्या प्रश्नाला मुलानं प्रत्यक्ष जाऊन चार ओळी आणल्या, की सारखेपणाचा प्रश्नच मिटला. त्या ओळी दुसऱ्या कुणाकडे नसतात. किंवा १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग घ्या आणि आज तुमच्या ओळखीचा कुणी वसतिगृहात राहून शिकतोय त्याचा महिन्याचा हिशोब मांडा.

महाराजांच्या तोंडी घातलेली सुविचारवजा वाक्यं मात्र काढून टाका. फॉरवर्डमधनं आलेलं वाक्य मूळ भाषणात सापडत नाही आणि जाणकार परीक्षक तिथंच पेन ठेवतो. हुकमाचं वर्ष लिहा, ते पक्कं असतं. २६ जुलै १९०२, नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा. करवीर नगर वाचन मंदिरात बसून अर्धा दिवस घालवला तर मुलांना छापील संदर्भ हाती लागतील.

प्रश्न : खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात ट्रायपॉड लावू देत नाहीत. छत मधोमध उघडं असलेल्या स्वर्गमंडपाचा फोटो स्थिर कसा काढायचा? (शिरोळ)

उत्तर : केंद्राच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, पहारेकऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. छताचं गोल मोकळं आभाळ हवं असेल तर कॅमेरा मधोमध जमिनीवर रुमालावर उताणा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि स्वतः चौकटीबाहेर सरका. सकाळी लवकर जा. दुपारी ऊन थेट आत पडतं आणि खांब काळे, फरशी पांढरी असं होतं. अंबाबाईच्या गाभाऱ्यातल्या किरणोत्सवाबद्दलही दोघांनी विचारलंय. देवळात फोटो काढायला मनाई आहे. परवानगीचा कागद नसलेली प्रवेशिका चांगला आयोजक घेणार नाही.

प्रश्न : गावाबाहेरच्या, मराठीत लिहिलेलं घेणाऱ्या स्पर्धा कोणत्या? (अकरावीची विद्यार्थिनी, मुरगूड)

उत्तर : टपाल खात्याची ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धा. विषय दर वर्षी वेगळा, मराठीत लिहिता येतं, १८ वर्षांपर्यंत आणि त्यापुढे असे गट. आंतरदेशीय पत्रावर लिहिलं तर ५०० शब्द, पाकिटातून ए-फोर कागदावर पाठवलं तर १०००. पत्र हातानंच लिहायचं. आणि वयाचं एक ओळीचं प्रमाणन (‘मी अमुक तारखेला १८ वर्षांखालील आहे’) पत्रावर लिहावं लागतं; ते विसरलं की चांगलं पत्रही बाजूला. तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकातली घ्या, गेल्या वर्षीची नको.

लहान भावंडं ९ ते १५ वर्षांची असतील तर जागतिक टपाल संघाची पत्रलेखन स्पर्धा आहे, ८०० शब्दांपर्यंत. इंग्रजी जमत असेल तर १८८३ पासून चालू असलेली राष्ट्रकुल निबंध स्पर्धा. १४ ते १८ वयाला १५०० शब्द, त्याखालच्यांना ७५०, फी नाही.

टपालानं पाठवताना एक बघा. नियमात ‘टपालात टाकल्याची तारीख’ आहे की ‘पोचल्याची’? पोचल्याची असेल तर मुरगूडहून मुंबईला स्पीड पोस्टनंही आठवडाभर आधी टाका, आणि पावती निकालापर्यंत वहीत चिकटवून ठेवा.